जुना चांदीचा रुपया घासलेला आहे का, कसं ओळखायचं?

नाणेवेडा_दादर
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी इथल्याच एका प्रदर्शनात १८६२ चा व्हिक्टोरिया रुपया घेतला, साडेतीन हजारांना. विकणारा म्हणाला, "टाकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखा आहे." ट्यूबलाइटखाली झगझगत होता खरा. घरी खिडकीशी धरला तर राणीच्या गालावर बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेला. गाल सपाट, केस पुसट, पण चकाकी नव्या पातेल्याची. वजन ११.६४ ग्रॅम, म्हणजे नकली नसावा. पण घासलाय का? पुढच्या वेळी स्टॉलवरच कळावं म्हणून काय बघू? भिंग कुठलं घेऊ?

चाळकरी
घासलाय. झीजही आहे आणि चकाकीही आहे, हे तुम्हीच लिहिलंत. दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

भिंगवाली
चाळकरींशी सहमत, पण कारण सांगते. नाणं ठोकताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. म्हणून कोरं नाणं हळूहळू कलतं केलं की उजेडाचा पट्टा सायकलच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. साफसफाई केलेल्या नाण्यात तो फिरत नाही. कापडाने घासलेलं स्टीलच्या ताटासारखं एकदम सगळीकडून चमकतं. आम्लाच्या द्रावणात बुडवून काढलेलं पांढरं होतं खरं, पण चुना फासल्यासारखं निर्जीव दिसतं, कारण काळ्या थराबरोबर वरची चांदीही गेलेली असते.

मग कोपरे बघा. मागच्या बाजूला 'वन रुपी इंडिया'भोवती फुलापानांची वेल आहे. कापड तिच्या खाचांत पोचत नाही. मोकळी जागा पांढरीशुभ्र आणि पानांच्या बेचक्यात काळं साचलेलं, असं दिसलं की समजा. अक्षराला अगदी लागून रेघा नसतील, तर तीही खूण, तिथे कापड अक्षरावरून उडी मारतं.

रेघ दिसली की लगेच शिक्का मारू नका मात्र. खिशातून फिरलेल्या नाण्यावर ओरखडे असतातच, पण सैरावैरा आणि कमीजास्त खोल. टाकसाळीत ठसाच घासला असेल तर नाण्यावर उंचावलेल्या रेषा येतात, त्या फक्त मोकळ्या जागेत असतात, चेहऱ्यावर चढत नाहीत. तुमच्या गालावर चढल्यात.

भिंग दोन घ्या. पाच पटीचं अख्खं नाणं बघायला, दहा पटीचं रेघांना. झवेरी बाजारात सोनारी हत्यारांच्या दुकानांत मिळतात. आणि टेबललॅम्प, एकच बल्ब. ट्यूबच्या पसरट उजेडात निम्म्या रेघा लपतात, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तेच होतं.

परळची_मावशी
एवढं मनाला लावून घेऊ नका हो. आपल्याकडे दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रुपये चिंचेने आणि रांगोळीने घासायची पद्धतच. आमच्या आजीचे एडवर्डचे सात रुपये आहेत. त्याला आधीच टक्कल, आजीने दाढीही उतरवली. मराठी घरातून आलेला रुपया कोराच हवा म्हटलं तर जन्म जाईल.

चाळकरी
मावशी, घरचा असेल तर देवघरात ठेवावा, प्रश्नच नाही. इथे पैसे कोऱ्याचे घेतलेत. शिवाय १८६२ हे साल टाकसाळींनी पुढे कितीतरी वर्षं तसंच छापलं, त्यामुळे हा रुपया काही दुर्मीळ नाही. चांगला मिळेपर्यंत थांबता येतं. दुर्मीळ असता तर घासलेलाही घेतला असता, भाव पाडून.

कोकणातला_मुंबईकर
तांब्याच्या शिवराईचंही असंच का? माझ्याकडे एक गुलाबीसर आहे.

भिंगवाली
गुलाबी म्हणजे आम्लात गेली. जुनं तांबं तपकिरी होतं, चॉकलेटसारखं. 'श्री राजा शिव' ही अक्षरं स्पष्ट करायच्या नादात लोक लिंबू लावतात आणि अक्षरंच खातात. आता परत काळी करायच्या फंदात पडू नका, तो रंग सपाट बसतो आणि लगेच ओळखू येतो. फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, तिथे जाऊन जुन्या धातूचा रंग डोळ्यांत बसवा. काचेआड नाणं कलतं करता येत नाही, पण रंग तरी कळतो.

दादरकर, एक राहिलं. नाण्याची कड बघा, मुकुटाच्या बरोबर वर. रुपयाचं मूळ वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम. गाल सपाट होईपर्यंत झिजूनही तुमचा ११.६४ भरतो, हे मला खटकतंय.

नाणेवेडा_दादर
आत्ता लॅम्पखाली बघितलं. कडेचे दाते सगळीकडे उभे आहेत, मुकुटाच्या वर मात्र मूगभर जागेत बुजलेत. तिथली चांदी जराशी पिवळट, वितळून बसल्यासारखी. डाख दिलेला आहे का?

भिंगवाली
हो. कडी होती तिथे. कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेतला रुपया आहे तुमचा. कडी काढली, डाख राहिला, वजनाची भर त्याची असणार. तो भाग झाकायलाच अख्खं नाणं पॉलिश केलं असावं.

नाणेवेडा_दादर
विकणाऱ्याला फोन केला. परत घेणार नाही म्हणतो, बदल्यात एक हजार वळते करीन म्हणाला, पुढच्या खरेदीत.

परळची_मावशी
पुढची खरेदी कशाला त्याच्याकडे? मुलीच्या माळेत घाला, कडीची जागा तयारच आहे.