घराजवळचे जिओकॅशिंग इव्हेंट वेळेत कसे कळतील? (मुलुंड, ठाणे, दादर)

मुलुंड_पूर्व

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी (कॅश) जीपीएसने शोधण्याचा खेळ, आणि इव्हेंट म्हणजे खेळणाऱ्यांची ठरवून झालेली भेट. जिओकॅशिंग डॉट कॉमवर माझं बेसिक, म्हणजे फुकटचं अकाउंट आहे. कॅश शोधणं जमतं, पण आसपास इव्हेंट आहे हे कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. दादर ते ठाणे पट्टा सहज जमेल, रविवार असेल तर कर्जत-लोणावळ्यापर्यंतही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रीमियम (पैसे भरून मिळणारं सदस्यत्व) घेतल्याशिवाय सूचना येतच नाही का? ती लावायची तर नेमकं काय भरायचं? आणि इव्हेंट साधारण किती आधी जाहीर होतात?

रेघ_आणि_रेखांश

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. आयोजकाला इव्हेंटचं पान तारखेच्या किमान 2 आठवडे आधी तपासणीला पाठवावं लागतं आणि साधा इव्हेंट साधारण 3 महिन्यांच्या आत असेल तरच प्रकाशित होतो. म्हणजे तुमच्या हातात जास्तीत जास्त 3 महिने, आणि आयोजकाने शेवटच्या क्षणी पाठवलं तर जेमतेम दीड-दोन आठवडे. महिन्यातून एकदा नकाशा चाळणाऱ्याच्या हातून असे इव्हेंट निसटणारच. मुंबईत मुळात इव्हेंट कमी होतात, त्यामुळे एक हुकला की पुढच्याची बरीच वाट बघावी लागते.

बेसिक अकाउंटवर दोन गोष्टी आजच करा. सेटिंग्जमध्ये होम लोकेशन भरा आणि आठवड्याचं ईमेल चालू आहे का ते बघा. त्या ईमेलमधले जवळचे कॅश आणि इव्हेंट होम लोकेशनवरूनच ठरतात. ती जागा रिकामी असेल तर ईमेल येतं, पण त्यात तुमच्या भागाचं काही नसतं.

दुसरं, वेबसाइटवर घराभोवतीचा शोध घ्या आणि यादी 'प्लेस्ड ऑन' तारखेनुसार लावा, सर्वांत नवी तारीख वर. साध्या कॅशसाठी ती तारीख लपवल्याची असते, पण इव्हेंटसाठी तिथे इव्हेंटचीच तारीख येते. त्यामुळे पुढच्या तारखेचं जे काही असेल ते आपोआप यादीच्या डोक्यावर चढतं. आठवड्यातून एकदा बघितलंत तरी पुरे.

नकाशावर इव्हेंटचं चिन्ह दिसलं म्हणून तो व्हायचाच आहे असं धरू नका. इव्हेंट संपल्यावर पान अर्काइव्ह (बंद) करणं आयोजकाचं काम. त्याने लांबवलं तर होऊन गेलेला इव्हेंट नकाशावर रेंगाळत राहतो. पान उघडून तारीख बघायची, मगच बेत करायचा.

कर्जत_लोकल

प्रीमियम घेतलंत तर 'इन्स्टंट नोटिफिकेशन' मिळतं. इव्हेंट प्रकाशित झाल्याबरोबर ईमेल येतं. पण ते लावताना बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं: एका नोटिफिकेशनमध्ये कॅशचा एकच प्रकार निवडता येतो. 'इव्हेंट कॅश' निवडून मोकळे झालात तर सीटो, म्हणजे 'कॅश इन ट्रॅश आउट' सफाईचे इव्हेंट, कळणारच नाहीत. निदान चार नोटिफिकेशन वेगवेगळी करा: इव्हेंट, सीटो, कम्युनिटी सेलिब्रेशन (जिओकॅशिंगच्या खास वर्षांनिमित्तचे इव्हेंट) आणि मेगा. मेगा म्हणजे 500 च्या वर माणसं जमतात तो. गिगासाठी 5000 लागतात. तो मुंबईच्या परिघात येईल म्हणून आत्ता पाचवं लावायची घाई नको.

प्रत्येकात लॉगचा (पानावरच्या नोंदीचा) प्रकार 'पब्लिश लिस्टिंग', म्हणजे पान प्रकाशित झाल्याची नोंद, निवडा. 'विल अटेंड'वरही ('येणार आहे' अशी नोंद) खूण केलीत तर येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक ईमेल येईल आणि तुम्ही वैतागून सगळंच बंद कराल.

मध्यबिंदू (ज्या जागेभोवतीच्या सूचना हव्यात ती) भरताना आकड्यांची पद्धत सांभाळा. या साइटवर अंश आणि दशांश मिनिटं चालतात. मुलुंड स्टेशन ढोबळमानाने उ. 19° 10.350, पू. 072° 57.400 आहे. हेच घाईत 19.10350, 72.57400 असं अंशांत लिहिलंत तर बिंदू सुमारे 40 किमी पश्चिमेला, थेट अरबी समुद्रात पडतो. नोटिफिकेशन चालू दिसतं, चूक कुठेच दिसत नाही, आणि तुम्ही वाट बघत बसता. सेव्ह केल्यावर नकाशा उघडून बिंदू डोळ्यांनी बघा. अंतराचं एकक मैल आहे की किलोमीटर तेही तिथेच तपासा. 50 मैल म्हणजे 80 किमी.

पहिलं ईमेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता धरा. पाठवणारा पत्ता आधीच कॉन्टॅक्टमध्ये घालून ठेवा.

मुलुंड_पूर्व

उपयोगी माहिती, धन्यवाद दोघांना. त्रिज्या किती ठेवू? 50 किमी पुरे की 100?

रेघ_आणि_रेखांश

साइट सरळ रेषेत मोजते हे लक्षात ठेवून ठरवा. मुलुंडहून सरळ रेषेत सीएसएमटी साधारण 29 किमी, विरार 35, कर्जत 48, अलिबाग 60, लोणावळा 67. पुणे 120 च्या आसपास, नाशिक त्याच्या थोडं पुढे. तुम्ही लोणावळा म्हणालात, तेव्हा 50 ला ते बाहेर राहतं. 70 ठेवा.

पण या यादीतली अंतरं आणि प्रत्यक्ष जाणं यांचा मेळ नाही. विरार कर्जतपेक्षा जवळ दिसतं, तरी तुम्हाला दादरला उतरून पश्चिम रेल्वे धरावी लागेल. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच. कर्जतला मात्र एकाच लोकलने पोचाल. अलिबागला गेटवेहून मांडव्याची लाँच घ्यायची तर ती पावसाळ्यात बंद असते, मग पेण-वडखळवरून रस्त्याचा फेरा. म्हणून सूचना 70 च्या लावा, पण जायचं की नाही हे पान वाचून ठरवा. रविवारचा इव्हेंट असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघायलाच हवा. मध्य आणि हार्बरवर तो बहुतेक दुपारच्या वेळात येतो, आणि सकाळी 11 चा 30 मिनिटांचा इव्हेंट त्यात सहज बुडतो.

पुण्यासाठी वेगळं नोटिफिकेशन करा: मध्यबिंदू पुण्यात, त्रिज्या 25 किमी. इथूनच त्रिज्या 130 केलीत तर मधला सगळा घाट आणि समुद्रही मोजला जातो, आणि नाशिक कधी आत कधी बाहेर.

दर्या_किनारी

एक राहिलं. इव्हेंट सापडला की नुसता मनात ठेवू नका, पानावर 'विल अटेंड' लॉग टाका. आयोजकाने जागा किंवा वेळ बदलून 'अनाउन्समेंट' टाकली की ती 'विल अटेंड' टाकलेल्यांना ईमेलने जाते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ऐन वेळी बदल होतातच. जायचं नक्की नसेल तर पान वॉचलिस्टमध्ये टाका. जाऊन आल्यावर 'अटेंडेड' लॉग. तो टाकल्याशिवाय इव्हेंट तुमच्या खात्यात धरला जात नाही.

तारखांचाही अंदाज ठेवा. इंटरनॅशनल जिओकॅशिंग डे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असतो. 2 मे ला ब्लू स्विच डे: 2000 साली त्या दिवशी अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिला कॅश ठेवला गेला. या दिवसांच्या आधीचे दोन-तीन महिने यादी जास्त वेळा बघा.

समुद्रकिनाऱ्यावरच्या सीटोला जाणार असाल तर भरतीची वेळ बघितल्याशिवाय निघू नका. दादर चौपाटीवर पूर्ण भरतीला वाळूची पट्टी अगदी अरुंद उरते, काम करायला जागाच नसते. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. हातमोजे जाड रबराचे घ्या. वाळूत काच आणि मासेमारीच्या जाळ्याचे तुकडे असतात, पातळ प्लास्टिकचे मोजे टिकत नाहीत. आणि आयोजकाला आधीच विचारा की भरलेली पोती कोण उचलणार आहे. वॉर्ड ऑफिसशी बोलणं झालेलं नसेल तर पोती तिथेच पडून राहतात आणि पुढच्या भरतीला अर्धा कचरा परत समुद्रात.

कर्जत_लोकल

आणि 70 किमीत काहीच सापडलं नाही तर स्वतः भरवा. मला हाच खरा उपाय वाटतो. साध्या इव्हेंटला किमान 30 मिनिटं लागतात, सीटोला 1 तास. लॉगबुक ठेवता येतं, पण सही करायची सक्ती करता येत नाही. हजेरी हीच अट. कुठली वस्तू विकणं, कंपनीची जाहिरात असं काही पानात येऊ देऊ नका, तिथेच अडवतात.

2 आठवड्यांची मुदत किमान आहे. तपासणारे रिव्ह्यूअर स्वयंसेवक असतात, प्रश्न विचारून पान परत पाठवू शकतात, म्हणून 4 आठवडे आधी पाठवा. लोकांनाही रजा, गाडी ठरवायला वेळ मिळतो.

जागा अशी हवी की उभं राहायला कोणाची परवानगी लागू नये आणि नवख्यालाही सापडावी. शिवाजी पार्कचा कट्टा उत्तम, पण नुसतं 'कट्ट्यावर भेटू' लिहू नका. कट्टा अख्ख्या मैदानाभोवती फिरतो. समोरच्या बाजूला बसलेली माणसं दिसत नाहीत. महाराजांच्या पुतळ्यासमोर असं एक ठिकाण धरा आणि निर्देशांक तिथे उभं राहून घ्या. 6 डिसेंबरच्या आसपासचे दिवस सोडा, चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. दसराही नको. रेल्वे फलाट आणि गोदीच्या भिंतीजवळच्या जागा नकोच. जीपीएस हातात धरून घोळका उभा राहिला की पोलीस हटकणार. इराणी हॉटेल घ्यायचं तर सकाळी 10 नंतरची वेळ ठेवा. नाश्त्याच्या गर्दीत 10 जणांना एका टेबलावर तासभर कोणी बसू देत नाही.

मुलुंड_पूर्व

ठरलं, आधी चार नोटिफिकेशन लावतो. शेवटचं एक विचारतो: इव्हेंटला ट्रॅव्हल बग (कोड असलेली, एका कॅशमधून दुसऱ्यात फिरणारी वस्तू) आणले तर ते बघायला देताना काही पाळायचं असतं का?

दर्या_किनारी

बगवरचा 6 अक्षरी कोड ज्याच्या हातात बग आला त्यालाच कळायला हवा. टेबलावर सगळे बग मांडून फोटो काढतात आणि तो इव्हेंटच्या पानावर टाकतात, त्यात कोड वाचता येतो. मग जगभरातून न बघताच 'डिस्कव्हर्ड' ('बघितला') लॉग पडू लागतात आणि मालकाला शेवटी तो बग लॉक करावा लागतो. फोटो काढण्याआधी कोडची पट्टी उलटी करा किंवा कोडवर बोट ठेवा.