अनुभव धागा : स्टार्ट बटण मधोमध गेलं तेव्हा...

टिपकागद
काल सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ घातलं. विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि ते बँकेचं सगळं त्यावरच करतात, म्हणून आणखी टाळण्यात अर्थ नव्हता. सगळं सुरळीत झालं. ते खुर्चीत बसले, माउस धरला आणि बाण थेट डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे आता हवामान. बाण नुसता त्याच्यावर नेला तरी बातम्यांचा अख्खा फलक उघडतो. त्यांनी दचकून माउस सोडला. थोड्या वेळाने पुन्हा हात तिथेच.

ते बघून मला २०१२-१३ आठवलं. मी तेव्हा एका कार्यालयात हिशेबाच्या विभागात होते. एके सकाळी आलो तर सगळ्यांच्या पडद्यावर विंडोज ८ चे रंगीत चौकोन. आधी कोणी काही सांगितलेलं नाही, शिकवणं तर दूरच. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी, खातेवहीतली चूक नुसत्या नजरेने पकडणारे, संध्याकाळी सगळे निघाले तरी बसून राहिलेले. मला वाटलं काम उरलंय. जवळ गेले तर हात मांडीवर, पडदा चालूच. त्यांना कॉम्प्युटर बंद कसा करायचा ते सापडत नव्हतं आणि पोराटोरांना विचारायचं नव्हतं. तेव्हा बाण उजव्या कोपऱ्यात नेला की एक पट्टी सरकत यायची, त्यात सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन. हे कोणाला आपोआप कसं सुचणार? त्या माणसाला सगळं येत होतं हो. जे येत होतं तेच एका रात्रीत बिनकामाचं करून टाकलं होतं. आजही आठवलं की राग येतो.

तुमचे अनुभव लिहा. कॉम्प्युटर, फोन, काहीही चालेल.

रानजाई
आधी सासऱ्यांचं बघा. टास्कबारवर (पडद्याच्या तळाची पट्टी) राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, सगळ्यात खाली टास्कबार बिहेवियर्स, त्यात अलाइनमेंट लेफ्ट करा. स्टार्ट परत कोपऱ्यात येतं. त्याच पानावर विजेट्स बंद करा, हवामान जाईल.

टिपकागद
केलं गं रात्रीच, आता शांत आहेत ते.

चष्मेवाला
राइट क्लिकबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून!! विंडोज ११ च्या यादीत कट, कॉपी, पेस्ट, रीनेम, डिलीट सगळ्यांची नुसती चित्रं केली. आमच्याकडे पेन ड्राइव्हवरून रोज फायली येतात. शेजारच्या मॅडम राइट क्लिक करून वरपासून खालपर्यंत यादी वाचतात, कॉपी हा शब्दच नाही. शेवटी ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबतात, जुनी यादी उघडते, मग कॉपी. प्रत्येक फाइलला हेच. त्यात ही चित्रांची ओळ बाणाच्या जवळ यावी म्हणून कधी यादीच्या वर असते, कधी खाली. पडद्याच्या तळाशी क्लिक केलं की ती खाली जाते. म्हणजे जागा लक्षात ठेवावी तर तीही पक्की नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून चित्रांखाली शब्द आलेत, तेव्हा कुठे मॅडमचा चेहरा सुधारला.

अबोली_
शिफ्ट + एफ१० दाबा, थेट जुनी यादी.

चष्मेवाला
अबोली, धन्यवाद! उद्या मॅडमना सांगतो.

रात्रपाळी
मोठा धागा होणार हा. वाचतेय. लेकीला झोपवून लिहिते.

जुनी_फ्लॉपी
मी जरा मागे जातो. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं तेव्हा मी ३.१ वर काम करायचो. आज ज्याच्यासाठी आपण हळहळतोय ते स्टार्ट बटण तेव्हा नवीन होतं. ३.१ मध्ये प्रोग्रॅम मॅनेजर, त्यात छोट्या छोट्या खिडक्या, त्यात आयकॉन. खिडकी बंद करायची तर डाव्या वरच्या कोपऱ्यात डबल क्लिक. उजव्या कोपऱ्यात खिडकी मोठी करायचा बाण असायचा. ९५ मध्ये नेमकं त्या जागी बंद करायचं फुलीचं बटण आलं! पत्र मोठं करून बघायला जावं आणि पत्रच बंद व्हावं, असं कार्यालयभर चाललं होतं. तरी महिन्याभरात सगळे रुळले. आता ती फुली उजवीकडे नसली तर चुकल्यासारखं होईल. म्हणून मी नव्या रूपावर पहिल्याच आठवड्यात मत बनवत नाही.

गंमत म्हणजे ३.१ मधलं डाव्या कोपऱ्यातलं डबल क्लिक पुढेही बऱ्याच खिडक्यांमध्ये चालत राहिलं. ज्यांचा हात तिकडे जायचा त्यांची वाट बंद केली नव्हती. बदल असा करावा.

टिपकागद
फ्लॉपीकाका, शेवटचं वाक्य सोडून बाकी नाही पटलं. ९५ मध्ये बदल्यात खूप मिळालं होतं. चालू असलेलं सगळं टास्कबारवर एका नजरेत दिसायला लागलं. ८ मध्ये टेबलावरच्या साध्या पडद्याला, ज्याला बोट लावून काही होतच नाही, बोटासाठीचे चौकोन दिले. आमच्या त्या सहकाऱ्यांना बदल्यात काय मिळालं? सवय होते हे खरं, पण ती करून घ्यायचा त्रास कोणाच्या माथी मारतोय हे तरी बघावं.

जुनी_फ्लॉपी
हे मान्य. ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण परत आणावंच लागलं. तेही आधी नुसतं बटण, दाबलं की पुन्हा ते चौकोनच. खरा मेनू परतला २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर.

ओंजळ
मी पडदा बघत नाही, ऐकते. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरते (फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००६ पासून). तुम्ही सगळे रंग, चौकोन, कोपरे म्हणताय, माझ्यासाठी रूप म्हणजे क्रम. टॅब दाबत गेलं की कशानंतर काय येतं ते. नवीन रूपात दिसायला एखादी गोष्ट तिथेच असते, पण क्रमात तिच्याआधी दोन नवीन बटणं शिरलेली असतात. मग माझी बोटं पोचतात भलतीकडे.

आणि चित्रांबद्दल. चित्र कितीही सुंदर असू दे, बनवणाऱ्याने आत त्याला नाव दिलं नसेल तर माझ्या कानात नुसतं ‘बटण’ येतं. मागे कामावरच्या एका सॉफ्टवेअरचं रूप बदललं. आधी प्रत्येक बटणावर शब्द होते. बदलल्यावर मला ऐकू यायचं : बटण, बटण, बटण, बटण. त्यातलं एक पुसून टाकणारं होतं, एक पाठवणारं. तक्रार केल्यावर नावं घातली, पण ती येईपर्यंत माझं काम दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून चालू होतं. मी स्वतः सगळं करणारी बाई आहे. ते दिवस मला फार लागले.

पडदा कितीही बदलला तरी ऑल्ट + टॅब, ऑल्ट + एफ४, विंडोज + डी, विंडोज + बी अजून आपापलं काम करतायत. मी त्यांच्यावर उभी आहे.

रानजाई
ओंजळ, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी ॲपचे पडदे आखायचं काम करते. उद्या टीममध्ये हे वाचून दाखवू का? तुमचं नाव न घेता.

ओंजळ
जरूर. आणि एकदा डोळे मिटून, माउस बाजूला ठेवून स्वतःचं ॲप वापरायला सांगा सगळ्यांना. फार काही समजवावं लागणार नाही.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवाले (विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली वापरणारे) कोणी? एप्रिल २०११ ला ग्नोम ३ (लिनक्सच्या पडद्याचं एक रूप) आलं तेव्हाची रणधुमाळी आठवते का? खिडकी मिनिमाइझ करायचं बटणच दिसेना. लिनक्स बनवणारा लिनस टोरव्हाल्ड्स स्वतः चिडून एक्सएफसीई या दुसऱ्या रूपावर गेला होता. पण आमच्याकडे एक बरं असतं. लोक नुसते रडले नाहीत, जुन्या ग्नोम २ चा कोड घेऊन मेट नावाचं रूप उभं केलं, मिंट या लिनक्सवाल्यांनी सिनॅमन केलं. ज्याला जुनं हवं त्याने जुनं घ्या. मी आजही मेटवर आहे, पॅनल वर एक खाली एक, आणि खूप समाधानी आहे.

उबुंटू या लिनक्सचं तर अजून वेगळं. १०.०४ या आवृत्तीत खिडकीची बटणं उजवीकडून डावीकडे नेली. लोकांनी शिव्या घालत सवय केली. मग २०१७ ला १७.१० मध्ये युनिटी हे स्वतःचं रूप सोडून ग्नोमवर परतले आणि बटणं पुन्हा उजवीकडे! तोवर आमच्या भावाचा हात डावीकडे पक्का झालेला.

अबोली_
हाहा, बिचारा भाऊ.

दोन्हीकडे
कामावर मॅक, घरी विंडोज. मॅकवर २०११ च्या लायन या आवृत्तीपासून स्क्रोलची दिशा उलटी केलेली, बोटं वर नेली की मजकूर वर जातो. फोनवर तसंच असतं म्हणून. घरी माउसचं चाक बरोबर विरुद्ध. दिवसभर एक, रात्री दुसरं. सेटिंग्जमध्ये ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद करता येतं, पण तो मॅक आम्ही तिघं वापरतो आणि बाकी दोघांना ते तसंच हवंय.

चष्मेवाला
वेगवेगळी यूजर खाती करा ना तिघांची. ज्याची त्याची सेटिंग.

दोन्हीकडे
बोलतो आमच्या आयटीवाल्यांशी.

रात्रपाळी
आले. झोपली एकदाची.

मला सॉलिटेअरबद्दल लिहायचंय. माझे बाबा कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायचे. सॉलिटेअरने त्यांना माउस शिकवला. पत्ता धरायचा, दाबून ठेवायचा, ओढायचा, सोडायचा. तो खेळ १९९० ला विंडोज ३.० मध्ये आला, पत्त्यांची चित्रं सुझन केअरची, मॅकिंटॉशचे पहिले आयकॉन काढणारी तीच. बाबांना हे काही माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, हा खेळ मला रागावत नाही. विंडोज ८ मध्ये खेळ आपोआप यायचे बंद झाले, स्टोअरमधून घ्यावे लागायला लागले. त्यांना वाटलं आपल्या हातून पुसला गेला. मला कळलं तोवर त्यांनी कॉम्प्युटरवर बसणंच सोडलं होतं. नवीन सॉलिटेअर घालून दिला, पण त्यात मधे जाहिराती. पुन्हा तो उत्साह आला नाही.

टिपकागद
अरेरे. कसंतरी झालं वाचून.

अबोली_
माइनस्वीपर पण! आणि ती विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची हिरवी टेकडी. मला कितीतरी वर्षं ते चित्र काढलेलं वाटायचं. खरा फोटो आहे तो, १९९६ मध्ये चार्ल्स ओ’रिअरने कॅलिफोर्नियात काढलेला.

पेंग्विनप्रेमी
खरा?? मी तर पैजेवर सांगितलं असतं की कॉम्प्युटरवर बनवलाय.

अबोली_
फिल्मवर काढलाय. आज त्या टेकडीवर द्राक्षाचे वेल आहेत.

आडवातिडवा
माझा टास्कबार वर्षानुवर्षं डाव्या बाजूला उभा होता. रुंद मॉनिटरवर खालची जागा मोलाची असते, मजकुराच्या दोन ओळी जास्त दिसतात. २०२१ ला ११ आलं त्यात ती सोय काढून टाकलेली. प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दाखवायची सोयही गेलेली, ती निदान २०२३ मध्ये परत आली. संपादनाचं काम करतो, एका वेळी पाच-सहा कागदपत्रं उघडी असतात आणि सगळी एकाच आयकॉनखाली कोंबली की कोणतं कुठलं ते शोधण्यातच लक्ष जातं.

वर्गबाई
मी ज्येष्ठ नागरिकांना कॉम्प्युटर शिकवते, म्हणून जरा लांब लिहीन.

पूर्वी मी जागा शिकवायचे. इथे क्लिक करा, मग उजवीकडे, मग तिसरं. ते वहीत चित्रं काढायचे. एका आजींची वही माझ्या डोळ्यांपुढे आहे, चौकटी आखून त्यात बाण, कोणत्या रंगाचं बटण ते रंगीत पेन्सिलने. एक अपडेट आली आणि अख्खी वही वाया. त्या रडल्या नाहीत, वही बंद करून पिशवीत ठेवली.

तेव्हापासून मी नाव शिकवते. विंडोजची कळ दाबा, हवं त्याचं नाव टाइप करा, एंटर. पडदा कसाही सजवला तरी हे चालतं. पण ज्यांना इंग्रजी स्पेलिंग येत नाही त्यांचं काय? त्यांच्याजवळ जागा आणि रंग एवढंच असतं लक्षात ठेवायला, आणि नेमकं तेच दोन्ही दर वेळी बदलतं. मला बनवणाऱ्यांना एवढंच सांगायचंय, नवीन खुशाल आणा, पण जुनं रूप चालू ठेवायचं बटण द्या, आणि ते पहिल्याच पडद्यावर द्या. सेटिंग्जच्या पोटात पाच पायऱ्या खाली नको.

ओंजळ
वर्गबाई, +१.

जुनी_फ्लॉपी
+१. त्या आजी नंतर आल्या का?

वर्गबाई
आल्या. नवी वही घेऊन. आता डाव्या पानावर इंग्रजी नाव मोठ्या अक्षरात, उजव्या पानावर मराठीत ते काय करतं. नातवाने लिहून दिलीत नावं.

रात्रपाळी
फोनबद्दल विचारू का? आईच्या आयफोनवर ते काचेसारखं नवीन रूप आलंय, आयओएस २६. मागचा फोटो आणि पुढची अक्षरं एकमेकांत मिसळतात. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय अजून.

रानजाई
सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, रिड्यूस ट्रान्स्परन्सी चालू कर. त्याच्याच शेजारी इन्क्रीज कॉन्ट्रास्ट. आणि २६.१ घातलं असेल तर डिस्प्लेमध्ये लिक्विड ग्लास म्हणून आहे, तिथे टिंटेड निवड.

रात्रपाळी
लगेच फोन लावते तिला. रानजाई, तू देव आहेस.

आडवातिडवा
जाता जाता एक विचारतो. ११ वर मराठी टाइप करायला काय वापरता सगळे? माझं जुनं सॉफ्टवेअर चालेना.

अबोली_
विंडोजमध्येच मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आहे, १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून. टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा घ्या, मग तिच्या कीबोर्डांमध्ये फोनेटिक. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोज + स्पेस.

आडवातिडवा
सापडलं. ‘ज्ञ’ कसा काढायचा?