मदत हवी आहे : नवीन अरेंजर कीबोर्ड स्टेजवर कधी न्यावा?

नमस्कार मंडळी. आमच्या ऑर्केस्ट्रासाठी यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० हा अरेंजर कीबोर्ड (साथीचा ताल-वाद्यमेळ आपोआप वाजवणारा) घेतलाय. आधी यामाहाचाच पीएसआर-एस९७० वाजवायचो. आवाज सुरेख आहेत, पण हात अजून बसलेला नाही. पिच बेंडच्या (सूर वर-खाली सरकवायच्या) चाकाजागी जॉयस्टिक आल्याने बासरीची मींड हवी तशी उतरत नाही, आणि भावगीतात तीच तर लागते. जॉयस्टिकचा रियाज कसा करता?

गाण्यागणिक रजिस्ट्रेशन (आवाज, ताल वगैरेंची साठवलेली सेटिंग) बनवून प्लेलिस्टमध्ये लावतोय. पण गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली, की पुढचं रजिस्ट्रेशन दाबताच जुना ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करायची सेटिंग) परत येतो. तुम्ही ट्रान्सपोज फ्रीझ करता (रजिस्ट्रेशन बदललं तरी तो तसाच ठेवता), की रजिस्ट्रेशनमध्ये सेव्हच करत नाही?

गणपतीच्या कार्यक्रमांना हाच न्यावा, की यंदा जुनाच बरा? स्टेजवर वाजवणाऱ्यांनी जरूर सांगा.