मदत हवी आहे: कॉलऱ्यात आतड्याच्या नसा (मज्जातंतू) नेमकं काय करतात?

मंडळी, फिजिओलॉजीवाल्यांनो, एक शंका. कॉलऱ्याचं टॉक्सिन आतड्याच्या अस्तराच्या पेशीत सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढवतं, पेशीच्या पडद्यातले सीएफटीआर चॅनल उघडतात, क्लोराइड बाहेर, मागोमाग सोडियम आणि पाणी. इथवर ठीक.

पण तेच टॉक्सिन अस्तरातल्याच एन्टेरोक्रोमाफिन पेशींतून सेरोटोनिन सोडवतं, त्यानं सबम्युकोसल प्लेक्सस (आतड्याच्या भिंतीतलं नसांचं जाळं) चेततं आणि तिथले न्यूरॉन व्हीआयपी हे पेप्टाइड सोडून स्राव आणखी वाढवतात. मांजर-उंदरांवरच्या प्रयोगांत टेट्रोडोटॉक्सिननं नसा बंद केल्यावर स्राव बराच घटलाही.

घोडं अडतंय ते पुढे. व्हीआयपीसुद्धा सायक्लिक एएमपीच वाढवतो. मग आधीच तुडुंब भरलेल्या पेशीत त्याची भर पडते कशी? की टॉक्सिन क्रिप्टच्या (अस्तरातल्या खोल खाचांच्या) तळापर्यंत पोचतच नाही आणि तिथलं काम नसा करतात? आमच्या गाइडनं हा भाग दोन ओळींत गुंडाळलाय. कुणी आकृती काढून समजावेल का? तोंडी परीक्षा जवळ आलीय.