फॉलआउट टॅक्टिक्स आज परत खेळण्यासारखा आहे का?

जुनागडी:
मंडळी, २०२४ मध्ये ती फॉलआउटची (अणुयुद्धानंतरच्या उजाड जगातल्या गेमवरून काढलेली) टीव्ही सिरीज आल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. फॉलआउट एक आणि दोन हे गेम परत खेळून झाले, मग सेलमध्ये त्याच जगातला, तुकडी घेऊन लढायचा टॅक्टिक्स वडापावच्या भावात दिसला म्हणून घेऊन टाकला. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरच्या सीड्यांवर खेळलो होतो, रेडर म्हणजे लुटारू संपवले, जनावरं अंगावर सोडणारे बीस्टलॉर्ड संपवले, राक्षसी सुपर म्यूटंट सुरू झाले आणि तिथे जो मार खाल्ला की सोडूनच दिला. आता परत पहिल्यापासून घ्यायचाय. कंटिन्युअस मोडमध्ये (लढाई न थांबता चालते) खेळू की टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाल)? आणि पुढे रोबो आले की रटाळ होतो असं सगळे म्हणतात ते खरंय का? स्पॉयलर नको प्लीज, शेवट मला खरंच माहीत नाहीये.

तर्रीबाज:
गोष्टीसाठी खेळणार असशील तर राहू दे बे. आधीच्या दोन गेममध्ये गावात शिरलं की चार माणसांशी बोलून गोळी न झाडता काम काढता यायचं, इथं तसं काहीच नाही. बंकरात, म्हणजे आपल्या तळावर, मोहिमेचं ब्रीफिंग ऐक, जा, मार, परत ये, भंगार विक. ब्रीफिंग मात्र चुकवू नको, जनरल बार्नाकीचा आवाज आर. ली अर्मीचा आहे आणि तो माणूस खराखुरा मरीन ड्रिल इन्स्ट्रक्टर होता, त्यामुळे झापतो तेव्हा आपणच खुर्चीत सरळ बसतो. २००१ मध्ये लोकांनी फॉलआउट ३ समजून विकत घेतला आणि मग शिव्या घातल्या, त्यात त्या बिचाऱ्या ऑस्ट्रेलियन मायक्रो फोर्टे कंपनीची काय चूक? नावातच टॅक्टिक्स लिहिलंय ना.

निशाचर_७:
मोडचं सांगतो. कंटिन्युअसमध्ये सगळ्यांचे अ‍ॅक्शन पॉइंट (हालचालीला आणि गोळीबाराला खर्च होणारे) आपोआप भरत राहतात, ज्याची अजिलिटी म्हणजे चपळाई जास्त त्याचे लवकर, म्हणजे आपण विचार करत बसलो तरी समोरचा थांबत नाही. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण ते तुकडीतल्या सहाही जणांना एकेक करून क्लिक करत बसतात. तसं करायचंच नाही. सेंट्री मोड वापर. कोणी दिसला की झाडायची, की आपल्यावर झाडली तरच झाडायची, की अजिबात नाही, आणि नेम लागायची शक्यता किती असली तर गोळी सोडायची, हे प्रत्येकाचं वेगळं ठरवता येतं आणि अख्खा गेम यावर उभा आहे.

पहिल्याच मिशनला, ब्राह्मिन वुडला, करून बघ. तुकडीतल्या फारसाइटला लांब पल्ल्याची रायफल देऊन रस्त्याच्या तोंडाशी आडवं झोपव, स्टिचला भिंतीमागे ठेव, आणि तुझा गडी वाकून पुढे जाऊन एकाच रेडरला दिसला पाहिजे. दिसला की पळत मागे. ते येडे बरोब्बर मागे येतात आणि कोपऱ्यावरून वळले की दोन बाजूंनी गोळ्या. उभा, वाकलेला, आडवा यात नेमाचा आणि दिसण्याचा एवढा फरक पडतो की उभ्याने लढणारा सुपर म्यूटंटपर्यंत पोचला तरी तिथे मरणारच. जुन्या, तुझं तेच झालं असणार :D

टर्न-बेस्डमध्ये हे सगळं होतं पण रिकाम्या गल्लीत कोणी शत्रू दिसून गेला की प्रत्येकाच्या टर्नची वाट बघण्यात रात्र जाते.

अर्धवटराव:
निशाचरशी अर्धा सहमत. घरांच्या आत, जिथे दार उघडलं की चार जण समोर, तिथे मी टर्न-बेस्डच लावतो, जॅग्ड अलायन्स २ हा टर्न-बेस्ड लढाईचा गेम खेळून वाढलेल्या माणसाला घड्याळाची टिकटिक सहन होत नाही. आणि खरं सांगू का, लढाईच्या बारकाव्यात जॅग्ड अलायन्स अजूनही दोन पावलं पुढे आहे, तिथे भाडोत्री सैनिक एकमेकांशी भांडतात, एखादा दुसऱ्यासोबत काम करायला नाही म्हणतो. इथले रिक्रूट म्हणजे फोटो आणि आकडे, मेला तर वाईट फक्त त्याच्या अंगावरच्या चिलखताचं वाटतं.

रोबोंचं म्हणणं खरंय. तोपर्यंत तू सगळ्यांचं स्मॉल गन्सचं (साध्या बंदुकांचं) कौशल्य वाढवून ठेवलेलं असतं आणि मग साध्या गोळ्या त्या पत्र्यावर टणटण वाजून परत येतात. तेव्हा आत्तापासूनच एक-दोघांना एनर्जी वेपन्सवर (लेझरसारख्या बंदुकांवर) घाल, दिसायला फुकट वाटेल पण घाल. शॉटगनच्या ईएमपी गोळ्या आणि पल्स ग्रेनेड (रोबोंची यंत्रणा बिघडवणारे) दिसले की विकू नको, बंकरात साठव. शेवटच्या टप्प्यात नकाशे लांबलचक आणि तेच तेच आहेत, ते काही लपवण्यात अर्थ नाही.

तर्रीबाज:
आणि गाड्या! हमर मिळाली म्हणून पोट्टे खूश होतात, मग ती वळवताना कळते.

कोकणकडा:
एक गंमत सांगतो, यात स्पॉयलर नाही, सुरुवातीच्या सीनमध्येच आहे. ब्रदरहुडने (आपण जिच्याकडून लढतो ती लष्करी संघटना) फुग्यासारखी तरंगणारी हवाई जहाजं पूर्वेकडे पाठवली आणि वादळात सापडून ती शिकागोजवळ पडली, हे या गेममधलं. पुढचे फॉलआउट काढणाऱ्या बेथेस्डा कंपनीने टॅक्टिक्सला पूर्ण आपलं म्हटलं नाही तरी फॉलआउट ३ मध्ये शिकागोतल्या एका भरकटलेल्या तुकडीचा उल्लेख येतो आणि फॉलआउट ४ मध्ये तर ब्रदरहुड सरळ हवाई जहाजच घेऊन येतं. सावत्र पोराच्या वस्तू गुपचूप वापरायच्या पण आडनाव द्यायचं नाही असला प्रकार. फक्त यातले डेथक्लॉ (लांब नख्यांचे राक्षसी प्राणी) केसाळ आहेत, ते मात्र बघवत नाहीत.

जुनागडी:
निशाचर, हो, मी सगळ्यांना उभं ठेवूनच लढवायचो, आडवं झोपवायचं बटण आहे हेच कॉपी केलेल्या सीडीसोबत कोण सांगणार होतं. काल ब्राह्मिन वुड सुरू केलं, तो आमिष दाखवायचा प्रकार भारी चालतो, एक रेडर तर नुसता कुऱ्हाड घेऊन धावत आला. टफ गाय मोड लावू का, मिशनमध्ये सेव्ह करता येत नाही तो?

अर्धवटराव:
लावू नको. एका मिशनला दोन तास जातात, लाइट गेली की बोंबल.