मदत हवी आहे : ‘कीलहॉर्न’ या जर्मन आडनावाचे मूळ

सर्वांना नमस्कार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1866 ते 1881 या काळात संस्कृत शिकवणारे आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे फ्रान्झ कीलहॉर्न यांच्याविषयी टिपण लिहिताना त्यांच्या आडनावापाशी मी अडलो आहे. त्यांचा जन्म 1840 साली ओस्नाब्रूक येथे, म्हणजे उत्तर जर्मनीतील लो जर्मन बोलींच्या पट्ट्यात झाला. या पट्ट्यात ‘हॉर्न’ हा शब्द पुढे आलेल्या जमिनीच्या टोकासाठी स्थळनामांत येतो आणि ‘कील’ म्हणजे पाचर. त्यामुळे पाचरीसारख्या शेताच्या किंवा वस्तीच्या नावावरून हे आडनाव पडले असावे, असा माझा तर्क आहे. (आपल्या ‘कीलक’ शब्दाशी असलेले साम्य मात्र केवळ ध्वनीचे समजावे.) पण एखाद्या विशिष्ट गावाचा वा शिवाराचा पुरावा मिळाल्याखेरीज हा तर्क छापणे मला योग्य वाटत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या किंवा जर्मन वाचणाऱ्या सदस्यांना विनंती आहे की, 2005 च्या दूरध्वनी नोंदींवर आधारलेल्या जर्मन आडनावांच्या नकाशासंग्रहात, तसेच माइन्झच्या अकादमीच्या डिजिटल आडनावकोशात हे नाव पाहून ते आज कोणत्या जिल्ह्यांत आढळते, हे कृपया कळवावे. ओस्नाब्रूक परिसरातील चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदवह्या कशा पाहाव्यात, हेही सांगितल्यास मी अत्यंत ऋणी राहीन.