मदत हवी आहे : शाळा आणि ग्रंथालयाला एकरकमी देणगी मिळते आहे, पण दरवर्षीचा खर्च कुठून काढायचा?

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापन समितीवर काम करते. संस्थेची शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालय एकाच आवारात आहेत, पण इमारती वेगळ्या. दोन्हीकडे इंटरनेट, वायफाय आणि संगणकांची नव्याने सोय करून द्यायला एक देणगीदार पुढे आले आहेत. रक्कम चांगली आहे. अट अशी की पैसे एकदाच मिळतील आणि ते वस्तूंवरच खर्च व्हायला हवेत. इंटरनेटचं मासिक बिल, दुरुस्ती, तंत्रज्ञाचं मानधन यांतलं काहीच त्यात बसत नाही.

माझी काळजी नेमकी इथे आहे. आमच्याकडे आधीही अशाच देणगीतून संगणक कक्ष झाला होता. यूपीएसच्या बॅटऱ्या संपल्या तेव्हा नव्या घ्यायला तरतूद नव्हती. मग वीज गेली की सगळे संगणक एका दमात बंद, त्यातून हार्ड डिस्क खराब व्हायला लागल्या, आणि शेवटी खोलीला कुलूप लागलं. यंत्रं तशी जुनी नव्हती, पण बॅटरीसारख्या किरकोळ गोष्टीपायी सगळा कक्ष वाया गेला. हे पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी हा धागा काढते आहे.

दुसरीकडे लोकांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते थोडं वाचलं. अमेरिकेतले उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशांतून १८८३ ते १९२९ या काळात जगभरात अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयं उभी राहिली. इमारतीचा पैसा त्यांचा, पण बांधकामाच्या खर्चाच्या १० टक्के रक्कम गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी द्यायची, असं साधारणपणे आधीच कबूल करून घेतलं जाई. देणगी देतानाच दरवर्षीचा हिशेब मांडायचा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून सुरू झालेल्या 'ई-रेट' योजनेची रचना तर आमच्या अटीच्या जवळजवळ उलट आहे. शाळा-ग्रंथालयांना इंटरनेट जोडणीवर आणि इमारतीतल्या नेटवर्कवर परिस्थितीनुसार २० ते ९० टक्के सवलत मिळते. इमारतीतल्या कामासाठी ही कमाल मर्यादा ८५ टक्के आहे. मुलांच्या हातात द्यायचे संगणक आणि टॅबलेट मात्र त्यात येत नाहीत. उरलेला वाटा संस्थेने स्वतः उचलायचा. आणि पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले, त्यात मुलांना लॅपटॉप वाटूनही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नव्हता. त्यातल्या बहुतेक शाळांत इंटरनेटच नव्हतं. म्हणून उद्घाटनाच्या फोटोत नव्या यंत्रांची रांग दिसावी, यापेक्षा त्यामागची व्यवस्था टिकावी असं मला वाटतं. समितीतल्या सगळ्यांना ते अजून पटलेलं नाही.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. दोन इमारतींमध्ये केबल टाकावी की दोन वेगळी कनेक्शन घ्यावीत? वस्तूंसाठीच्या पैशांतून पुढच्या वर्षांचा खर्च कमी होईल अशी खरेदी करता येते का? एका कार्यालयाकडून जुने संगणक फुकट मिळताहेत, ते घ्यावेत का? ग्रंथालयाची देवघेव अजून वहीत चालते, त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि देणगीतला काही भाग मुदत ठेवीत ठेवून व्याजातून बिल भरायची कल्पना कितपत व्यवहार्य आहे?

---

प्रतिसाद १

नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे त्या भागाबद्दलच लिहितो.

दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे. पण अंतर कमी असलं तरी तांबं नको, कारण दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो आणि वीज पडली की त्या तारेतून दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (केबल एकत्र जोडणारी यंत्रं) जळू शकतात. फायबरमधून विजेचा झटका पुढे जात नाही. जमिनीखालून पाइप टाकणार असाल तर एक जादा पाइप आत्ताच टाकून ठेवा, खोदाई परत परत परवडत नाही.

वायरिंगवर हात आखडू नका. संगणक पाच-सहा वर्षांत बदलतो, पण नीट टाकलेली केबल त्याच्या तिप्पट टिकते. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांक लावून घ्या, भिंतीतून काय कुठे जातं याचा नकाशा घ्या, आणि हे दोन्ही हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. काम करणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर ही माहितीही जाते.

वायफायसाठी पीओई स्विच घ्या, म्हणजे ॲक्सेस पॉइंटला (वायफाय देणाऱ्या यंत्राला) वीज नेटवर्कच्याच केबलमधून मिळते आणि स्विचजवळच्या एका यूपीएसवर सगळं वायफाय चालतं. पोर्टला ३० वॅटपर्यंत देणारे स्विच बघा. व्हरांड्यात एकच 'पॉवरफुल' यंत्र लावून भागत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. तिथे गर्दी झाली की रेंज पूर्ण दिसते आणि काहीच उघडत नाही. वर्गांच्या आत, कमी ताकदीवर, ५ गिगाहर्ट्झला प्राधान्य देऊन जास्त ॲक्सेस पॉइंट लावा. शाळेचं कार्यालय, विद्यार्थी आणि ग्रंथालयाचे वाचक यांचे व्हीलॅन (एकाच वायरिंगवरची स्वतंत्र नेटवर्क) वेगळे ठेवा.

आता पैशांचं. दरवर्षी परवान्याचं नूतनीकरण लागणारे ॲक्सेस पॉइंट टाळा. वॉरंटी पाच वर्षांची घ्या आणि ती यंत्राच्याच बिलात येऊ द्या. यूपीएसच्या साध्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं जातात. बाहेरून बॅटरी जोडता येईल असा यूपीएस घ्या, म्हणजे पुढे कोणत्याही दुकानातली बॅटरी बसेल. आणि सगळी खाती, पासवर्ड संस्थेच्या नावाच्या ईमेलवर ठेवा, पुरवठादाराच्या नाही.

जुने संगणक घ्या, पण निवडून. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून कार्यालयं अशी यंत्रं काढून टाकताहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत नसते. एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर ग्रंथालयात शोध घ्यायला आणि मुलांच्या सरावाला ती पुरतात. एकाच मॉडेलची मिळाली तर उत्तम, एकाचे भाग दुसऱ्याला लावता येतात.

---

प्रतिसाद २

मी ग्रंथपाल आहे. देवघेवीसाठी 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बघा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झालं. जुनी प्रणाली २००० साल ओलांडेल की नाही याची धास्ती होती, त्यातून त्यांनी नवी करून घेतली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. परवान्याचे पैसे नाहीत. पण फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हर बघणारं कुणीतरी लागतं, आणि खरा खर्च पुस्तकांच्या नोंदी करण्याचा असतो. तो बहुतेक जण धरतच नाहीत. झेड३९.५० (ग्रंथालयांच्या नोंदी शोधून घ्यायची ठरलेली पद्धत) वापरून दुसऱ्या ग्रंथालयांतल्या तयार नोंदी उचलता येतात, पण मराठी पुस्तकांच्या बऱ्याचशा हातानेच कराव्या लागतील. त्या युनिकोडमध्येच करा. सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, सगळ्या नोंदी मार्क (ग्रंथालयांच्या नोंदींचं प्रमाण स्वरूप) स्वरूपात बाहेर काढता येतात की नाही हे आधी प्रत्यक्ष करून बघा. नाहीतर पुढे सॉफ्टवेअर बदलताना पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात.

एक छोटा स्थानिक सर्व्हरही खरेदीत धरा. 'किविक्स' या सॉफ्टवेअरवर विकिपीडिया आणि 'कोलिब्री' या सॉफ्टवेअरवर अभ्यासाचं साहित्य आतल्या नेटवर्कवर ठेवता येतं. बिल थकून इंटरनेट बंद पडलं तरी मुलांचा तास बुडत नाही. शिवाय हा सर्व्हर वस्तूच आहे, अटीत बसतो.

मुदत ठेवीचं गणित करून बघा. व्याज ६ टक्के धरलं तर वर्षाच्या बिलाच्या जवळजवळ १७ पट रक्कम ठेवावी लागेल, आणि बिल वाढत जाईल ते वेगळंच. मोठी देणगी असल्याशिवाय ते जमणार नाही. त्यापेक्षा देणगीदारांना कार्नेगींचा दाखला द्या आणि उलट प्रस्ताव ठेवा: संस्था दरवर्षी ठरावीक टक्के रक्कम बाजूला काढेल असा ठराव करते, तुम्ही पहिली तीन वर्षं तेवढीच भर घाला.

---

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. फायबर आणि जादा पाइप आजच अंदाजपत्रकात घातले. पाच वर्षांच्या वॉरंटीसह नवी कोटेशन मागवते आहे. संगणकांची संख्या कमी करून तो पैसा वायरिंगकडे वळवायचा, हे समितीपुढे ठामपणे मांडणार आहे.

समसमान वाट्याची कल्पना देणगीदारांच्या प्रतिनिधींना फोनवर सांगितली. त्यांनी नाही म्हटलं नाही, लेखी मसुदा मागितला आहे. त्यात संस्थेचा वाटा टक्क्यांत लिहावा की ठरावीक रकमेत? टक्के लिहिले तर कशाचे, खरेदीच्या किमतीचे की संस्थेच्या वार्षिक जमेचे? आणि एखाद्या वर्षी संस्थेला वाटा भरता आला नाही तर काय, याचं कलम कसं लिहितात? कुणी असा करार केला असेल तर त्यातली शब्दरचना, नावं काढून, इथे द्याल का?